अर्धा कातरलेला देव

मी एक मेंढा बोलतोय. देव नव्हे, मेंढा. हे आधीच सांगून टाकतो, कारण तुम्ही माळशिरसच्या बाजूला आमच्या माळावर आलात तर लोक तुम्हांला दुसरंच सांगतील. पायताणं काढायला लावतील, माझ्या पाठीवर चिमूटभर भंडारा टाकायला लावतील आणि आवाज खाली आणून म्हणतील, "बगितलंसा? लोकर वाढतीच हाय. बिरोबाची करणी हाय ही."

करणीबिरणी काही नाही. मी मेरिनो जातीचा मेंढा आहे. आमची लोकर थांबत नाही आणि आपोआप झडतही नाही. माणसाची नखं वाढतात तशी ती वाढते. न कापता वाढलेल्या नखांना आजवर कुणी हात जोडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आज माझं डावं अंग उघडं आहे आणि उजव्या अंगावर चार पावसाळ्यांची लोकर आहे. उभा राहिलो की उजवीकडं कलतो, म्हणून बहुतेक वेळ बसूनच असतो. हे असं कसं झालं ते सांगायचंय. दमलोय, त्यामुळं मधे थांबलो तर रागावू नका.

माझा जन्म इथला नाही. समुद्रापलीकडं ऑस्ट्रेलिया नावाचा देश आहे. तिथं लाल मातीचा, डोळा पोचणार नाही एवढा माळ होता. त्या माळाला तारेचं कुंपण होतं आणि कुंपणाच्या आत मी जन्मलो. आई मला चाटत होती तेव्हा माझी पाठ तारेला टेकलेली होती. जगात आधी गवत आलं की आधी तार आली, हे मला पुष्कळ दिवस कळत नव्हतं.

आमचा धनी गोरा होता. त्याचा आजा जहाजातून आला होता. पत्र्याच्या घराच्या पडवीत बसून धनी पाहुण्यांना सांगायचा, "आम्ही आलो तेव्हा इथं कुणी नव्हतं. सगळं ओसाड पडलं होतं." हे सांगताना त्याच्या पेल्यात चहा ओतणारी म्हातारी तिथंच उभी असायची. ती त्याच मातीतली. तिच्या आज्या, पणज्या, त्यांच्याही आया त्याच माळावर जन्मल्या होत्या. तिचं खरं नाव मला कधी कळलं नाही. गोरे तिला मेरी म्हणायचे. तिच्या मुलीलाही मेरीच म्हणायचे.

आई तारेत अडकून मेली आणि त्या म्हातारीनं मला वाढवलं. चिंधीनं दूध पाजलं. जखमेत पडलेल्या अळ्या बोटांनी वेचून काढल्या. तिच्या मागं हिंडत मी तो माळ शिकलो. मेंढा जमीन तोंडानं शिकतो. ती शिकली होती पायांनी आणि एका काठीनं. कोरड्या नदीत एका जागी ती काठीनं वाळू उकरायची, हातभर खाली पाणी लागायचं. ती प्यायची, मला पाजायची आणि खड्डा पुन्हा वाळूनं झाकून टाकायची. झाकलेलं पाणी उद्यासाठी राहतं.

पुढं धन्यानं आमचा सगळा कळप त्याच नदीत सोडला. आमच्या खुरांनी त्या जागेचा चिखल झाला, मग चिखलाचा दगड झाला. तिची माणसं जे कंद खणून खायची, ते आम्ही मुळासकट फस्त केले. आम्ही मेंढरं, पुढ्यात आलं ते खाल्लं. ज्यानं आम्हांला तिथं सोडलं त्याला तर अक्कल होती ना? निदान शाळेत तरी गेला होता.

थंडी सरताना तिची माणसं गवताचा एकेक पट्टा जाळायची. आग गुडघ्याएवढीच, माणसाबरोबर चालत जाईल अशी. थोड्याच दिवसांत त्या काळ्या पट्ट्यावर कोवळे कोंब यायचे. धन्यानं ते बंद पाडलं. "माझं गवत जाळता?" म्हणून बंदूक घेऊन उभा राहिला. मग गवत वाढलं, वाळलं, वर्षावर वर्ष साठत गेलं आणि एका उन्हाळ्यात एकदम भडकलं. कुंपणाच्या कोपऱ्यात दाटलेली मेंढरं तिथंच जळाली, कारण तारेपुढं वाट नव्हती. मी पाण्याच्या टाकीशी होतो म्हणून वाचलो. धनी म्हणाला, "हे त्या काळ्यांचं काम." म्हातारी चहा ओतत होती. माणूस दमला की कसा दिसतो, ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर लवकरच मला जहाजात चढवलं. मुंबई सरकारला म्हणे दख्खनच्या मेंढरांची अवलाद सुधारायची होती. इथली मेंढरं काळी, उंच, राठ केसांची. त्यांना माझ्यासारखी मऊ पांढरी लोकर यावी, असा बेत. इथल्या मेंढरांना कुणी विचारलं नव्हतं आणि मलाही नाही. समुद्रावरचे दिवस मी सांगत बसत नाही. गवत नसलेल्या जागेबद्दल मेंढा काय सांगणार?

पुण्याच्या सरकारी गोठ्यातून मला सोलापूरला आणलं ते गंगाधरपंतांनी. ते पशुखात्यात इन्स्पेक्टर होते. शेतकीचं कॉलेज शिकलेले, डोक्याला फेटा, अंगात कोट, बोलण्यात दर वाक्याला सुधारणा. माळशिरसला नेण्याआधी त्यांनी मला शुक्रवार पेठेत आपल्या परसात बांधलं. त्यांच्या पत्नी यशोदाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, हे काय ध्यान आणलंत? मी तुळशीला पाणी घालायला जायचं कसं?"

"ध्यान नव्हे, विलायती मेंढा आहे. याच्यामुळं धनगरांचं कल्याण होणार आहे."

"होईल तेव्हा होवो. आत्ता यानं माझी कोथिंबीर खाल्ली."

कोथिंबीर चांगली होती. पेठेतली माणसं मला बघायला भिंतीवरून डोकावत होती. एवढं गोरंपान जनावर त्यांनी पाहिलं नव्हतं. कुणीतरी म्हणालं, "साहेबाच्या देशात मेंढरंसुद्धा साहेबासारखीच!" आणि गंगाधरपंतांना ते खरंच कौतुकाचं वाटलं.

मग बैलगाडीतून माळशिरसचा माळ. तो दिवस मला आठवतो, कारण त्या दिवशी मी जुनंच वाक्य नव्या भाषेत ऐकलं. एक गोरा साहेब घोड्यावरून आला होता. त्यानं माळावर हात फिरवला आणि काही बोलला. गंगाधरपंतांनी त्याचं मराठी केलं, "साहेब म्हणतात, ही सगळी जमीन पडीक आहे. हिचा काही उपयोग केला पाहिजे."

समोर मायाप्पा धनगर उभा होता. डोक्याला तांबडा पटका, खांद्यावर घोंगडं, हातात काठी, मागं त्याची शेकडो मेंढरं चरत होती. तो म्हणाला, "पडीक? आन् ही मेंढरं काय हवा खात्यात व्हय, सायेब?"

गंगाधरपंतांनी याचं इंग्रजी केलं नाही.

मला मायाप्पाच्या हवाली केलं. त्याच्या घरात चारच माणसं. तो, त्याची बायको म्हाळसाबाई, मुलगा येडू आणि नंतर आलेली येडूची बायको केरा. तिच्याबद्दल पुढं सांगतो. सगळं तिच्यापाशीच येऊन थांबतं.

पहिलं वर्ष बरं गेलं. माझ्या आयुष्यातलं तेवढं एकच वर्ष मी कुंपणाशिवाय काढलं. मायाप्पा माळ वाचायचा. पाऊस पडल्यावर कुठल्या उतारावर हरळी आधी येते, मारवेल कुठं, पवन्या कुठं, सगळं त्याच्या पायाला ठाऊक. माळाच्या एका बाजूला कुसळी गवत होतं. ते कोवळं असताना गोड, पण पिकलं की त्याचं कुसळ सुईसारखं होतं. अंगावर चिकटतं आणि हळूहळू आत शिरतं. म्हणून मायाप्पा मेंढरं तिथं कुसळ धरायच्या आधी घालायचा, आणि जे उरेल ते उन्हाळ्याच्या तोंडाला थोडं थोडं जाळायचा. आग गुडघ्याएवढी. मला म्हातारीची आठवण झाली. समुद्राच्या दोन टोकांना दोन माणसं, कधी भेट नाही, भाषा एक नाही, आणि दोघांच्या हातात तीच आग.

पण मायाप्पाला मी संत म्हणणार नाही. तो आणि त्याचं वय, दोन्ही हट्टी. त्याच्या बापानं जे केलं नाही ते तो करायचा नाही, आणि बापानं जे केलं ते का केलं, हे विचारायचा नाही.

त्या वर्षी त्यानं मला स्वतःच्या हातानं कातरलं. लोकर बघून हसला. "लोण्यावाणी हाय की रं! पर ह्येचं करू काय?" म्हाळसाबाईनं चरखीवर घेऊन पाहिली. तिच्या बोटांत ती टिकेना.

"ही काय लोकर हाय? सावरीचा कापूस म्हना की! हिचं घोंगडं केलं तर पावसात गळून पडंल. जा, त्या सायेबाला म्हनावं, तूच पांघर!"

म्हणजे सुधारणेचा एक भाग तिथंच संपला. माझी कोकरंही मऊ लोकरीची झाली, पण लांब चालताना मागं पडायची. घोंगड्याला ती उपयोगाची नव्हती आणि वाटचालीलाही नव्हती.

मग माळाला तार आली. मी तिला वासानंच ओळखलं. सरकारनं माळाचं कुरण केलं होतं. आत गवत वाढवायचं, कापून विकायचं, आणि मेंढरांना बंदी. मायाप्पाच्या कळपाला तार ठाऊक नव्हती. पहिल्या दिवशी कित्येक मेंढरं सरळ तिच्यात गेली. मी एकटा लांब उभा राहिलो. मायाप्पा म्हणाला, "बगा, ह्येला कळतंय!" कळत होतं. माझा जन्मच तिच्या आत गेला होता.

चराई बंद झाल्यावर सगळ्या गावाचे कळप ओढ्याकाठच्या एवढ्याशा जागेत दाटले. तिथलंच पाणी, तिथलाच चिखल, तिथंच लेंड्या. पावसाळ्यात मेंढरांना देवी आल्या. अंगभर फोड, नाकातून पाणी, मग आडवं पडणं. मायाप्पाच्या खांडातली, म्हणजे कळपातली, मेंढरं पटापट मरू लागली. मी टिकलो. का टिकलो, मला माहीत नाही. गोठ्यात असताना साहेबांनी सुया टोचल्या होत्या, त्यामुळं असेल.

मायाप्पाला वाटलं, हे बिरोबाचं काम. देवळासमोर भंडाऱ्यात उभा राहून तो म्हणाला, "देवा, हुती न्हवती तेवडी गेली. उरल्यालं खांड राख. हा मेंढा तुज्या नावानं सोडला. ह्येला बांदनार न्हाय, इकनार न्हाय, कातर लावनार न्हाय."

आठवड्याभरात रोग हटला. रोग असेच हटतात. मरायचे ते मेले की उरलेले जगतात. पण हे मायाप्पाला कोण सांगणार?

देवाला मेंढा सोडायची रीत त्यांच्यात जुनीच. मायाप्पाच्या बापानंही एक सोडला होता. तो इथलाच, काळा. न कातरलेली इथल्या मेंढराची लोकर बोरीबाभळीला घासून झडून जाते. तो मेंढा सुखानं म्हातारा होऊन मेला. त्यामुळं आपण कुणाला छळतोय, असं मायाप्पाच्या मनातही आलं नसेल.

पण एका माणसाला ठाऊक होतं. गंगाधरपंत मला परत न्यायला आले.

"मायाप्पा, मेंढा सरकारी आहे. असा देवाला सोडता येत नाही."

"आता सुटला की, सायेब. देवाचं परत कसं मागायचं? तुमीच सांगा. तुमी बामन."

भोवती माणसं जमली होती. गंगाधरपंतांनी त्यांच्याकडं पाहिलं, देवळाकडं पाहिलं. मेरिनोची लोकर दरसाल कातरावीच लागते, नाहीतर जनावर तिच्याखाली मरतं, हे त्या माळावर त्यांच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. पुण्यात हेच ते शिकले होते. एवढं एक वाक्य बोलायचं होतं. त्यांनी बूट काढले, कपाळाला भंडारा लावून घेतला आणि निघून गेले. साहेबाला सांगितलं, मेंढा रोगात दगावला. तेव्हापासून सरकारात मी मेलेला आहे आणि माळावर मी देव आहे. मेंढा म्हणून मी कुठं आहे, ते कुणी विचारत नाही.

पहिल्या वर्षी देवपण बरं वाटलं. कुणाच्याही शेतात शिरावं, कडब्याच्या गंजीला तोंड लावावं, कुणी हाणत नव्हतं. कुरणाचा राखणदार चन्नवीर अक्कलकोटकडचा होता. धनगराचं कोकरू तारेखालून गेलं तर कोंडवाड्यात घालायचा, पण मला बघितलं की फाटक उघडून हात जोडायचा, "देवरू बंदरू!" कानडीत म्हणजे देव आले. जिथं मायाप्पाला बंदी, तिथं त्यानं सोडलेल्या मेंढ्याला मुभा. मी आत जायचो. आत गवत छातीएवढं होतं. कुणी चारत नव्हतं, कुणी जाळत नव्हतं, आणि मारवेल, पवन्या सगळं दाबून टाकून कुसळी माजली होती. एकेक कुसळ माझ्या लोकरीत शिरत होतं आणि बाहेर पडायला वाट नव्हती.

दुसऱ्या वर्षी चालताना दम लागू लागला. तिसऱ्या वर्षी लोकर डोळ्यांवर आली आणि मला दिसेनासं झालं. पावसात ती भिजायची, मग पाठीवर कुणीतरी बसलंय असं वाटायचं. ओलीच्या आत कातडी कुजायची, अळ्या पडायच्या. उन्हाळ्यात आत भट्टी पेटायची. आणि लोक लांबून लांबून यायला लागले. नारळ फोडायचे. भंडारा उधळायचे. तोही लोकरीतच राहायचा. आंधळा मेंढा झाडाला धडकला की बायका म्हणायच्या, "झाडालाबी दर्सन देतोय गं!"

अशातच केरा लग्न होऊन आली. मंगळवेढ्याकडची पोर. मी तिला बघितलं नाही, फक्त ऐकलं. पहिल्याच दिवशी सगळे पाया पडत असताना तिचा आवाज आला, "आत्याबाई, ह्येचं डोळं कुटं हायती?"

"आत हायती. पाया पड आदी."

"आत हायती तर ह्यो बगतोय कसा?"

"देवाला बगायला डोळं लागत न्हाईत!"

"मग पानी पिताना दगडावर तोंड का आपटलं त्येनं?"

म्हाळसाबाई तिला घराकडं ओढू लागली. मोठ्या माणसांची ही सोय असते. उत्तर नसलं की कामाची आठवण होते. "भाकरी थापायच्या हायती, चल."

एका दुपारी मी ओढ्याच्या उतारावर घसरलो आणि उताणा पडलो. एवढी लोकर अंगावर असली की उताणा पडलेला मेंढा आपण होऊन उठू शकत नाही. पाय वर करून तसाच पडून राहतो, पोट फुगतं आणि जीव जातो. माणसं जमली. कुणी म्हणालं, देव लोळण घेतोय. कुणी हळद आणायला पळालं. केरा पाण्याला आली होती. तिनं घागर खाली ठेवली, माझ्या बगलेत खांदा घातला आणि मला कुशीवर लोटलं. मग बसून माझ्या लोकरीत बोटं घातली. आत, आणखी आत, कातडीपर्यंत. चार वर्षांत तिथवर पोचलेला तो पहिला हात. ती बोटं अळ्या वेचत होती आणि मी आंधळा, मला क्षणभर वाटलं की मी लाल मातीवर आहे.

त्या संध्याकाळी मी छपराबाहेर बसलो होतो; ती जेवताना सासऱ्यापुढं बोलली. पदर डोक्यावर असेल, पण आवाज काही पदराखाली नव्हता.

"मामंजी, मेंढा मरतोय. त्येला कातरा."

"देवाचा हाय तो. नवस हाय माजा."

"नवस तुमी केला. लोकर त्यो व्हातोय."

"केरे, गप," येडू पुटपुटला.

"तुमी गप ऱ्हाताय तेवडं बास हाय की! दोगांनी कशाला?"

मायाप्पा म्हणाला, "तुला कळायचं न्हाय, पोरी. नवस मोडला तर हाय ते खांडबी जाईल. आता माज्यापाशी ऱ्हायलंय काय दुसरं? माळ ग्येला. येवडा देव तेवडा ऱ्हायलाय."

"मग देव मेल्यावर काय करनार, मामंजी?"

तो ताटावरून उठला.

मग कातरणीचा दिवस आला. वर्षातनं दोनदा सगळं खांड कातरायचं, त्या दिवशी भाऊबंद मदतीला येतात, पुरणपोळीचं जेवण असतं. ओढ्यात धुतलेली मेंढरं ओळीनं बसवलेली, चहूकडं कातरींचा किचकिचाट, काळ्या लोकरीचा वास. मी मधे बसवलेला, गळ्यात हार, भोवती उदबत्त्या. सगळ्यांची लोकर उतरत होती आणि माझ्यापुढं नारळ फुटत होते.

केराची पावलं आली. पाणी द्यायला आली असं सगळ्यांना वाटलं असेल. बायकांनी कातर धरायची त्या घरात रीत नव्हती. तिनं कुणाचीतरी बाजूला ठेवलेली कातर उचलली, गुडघ्यानं मला कुशीवर दाबलं आणि डाव्या मानेपासून सुरुवात केली.

पहिला कट चुकला. कातडी कापली गेली. "चुकलं रं, चुकलं," ती म्हणाली, पण थांबली नाही. लोकरीचा थर सोलून निघत होता, कांबळं उलगडावं तसा. आत कुसळं, हळद, अळ्या, उदबत्तीची राख, सगळं एकत्र. कुणाच्या लक्षात यायच्या आत तिनं माझा डावा डोळा मोकळा केला.

आणि गोंधळ उडाला. "आरं, काय करतीया बगा!" "धरा तिला!" येडू धावला आणि तिच्यापाशी येऊन नुसता उभा राहिला. मायाप्पाचा आवाज आला, "केरा, कातर खाली ठिव."

"ठिवती की, मामंजी. येवडी कूस झाली की ठिवती."

तिनं डावी कूस पुरी केली. मला फिरवायला गेली, तेव्हा म्हाळसाबाई धावत येऊन माझ्या उजव्या अंगावर पडली. "आदी मला काप! आदी मला काप, मग देवाला!"

केरा घामानं निथळत उभी राहिली. माझ्या उघड्या कुशीकडं बोट करून म्हणाली, "आत्याबाई, जरा हिकडून बगा. नुसतं बगा. ही काय देवाची पाठ हाय?"

पाठ जखमांनी चाळण झाली होती. भाऊबंदांनी मान फिरवली. जेवण तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी केराला माहेरी, मंगळवेढ्याला, पाठवायचं ठरलं. पुन्हा कधी आणायचं, ते भाऊबंद बसून ठरवणार होते. जाताना तिनं कातर छपराच्या पाचटात खोचली आणि सासऱ्याला म्हणाली, "मी न्हेत न्हाय, बगून घ्या. हितंच हाय." येडू बैलगाडी हाकत होता. त्यानंही वर पाचटाकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

गाडी दिसेनाशी होईपर्यंत मी तिला पाहत राहिलो. हो, पाहत. एका डोळ्यानं मला आता दिसतं. लग्न होऊन आलेली केरा मला डोळाभर बघायला मिळाली ती पाठमोरी.

मग मी माळ पाहिला. मला वाटत होतं, मी आंधळा होतो तोवर माळ तसाच थांबला असेल. कुरणाच्या पलीकडून लांब मातीचा बांध गेला होता, नीरेचा कालवा. त्याच्या अंगाला, जिथं आम्ही हरळी खायचो तिथं, ऊस उभा होता. हिरवागार, दाट, आणि मेंढराला तोंड लावायला बंदी. अकलूजकडं उसाच्या गाड्यांची रांग चालली होती. ज्याच्या हाती पैसा आला त्याला तो ऊस छान दिसत असेल. मी वास घेतला. पाण्याचा होता, पण आमच्यासाठी नव्हता. आणि सगळ्याच्या भोवती तार. जन्मलो तेव्हा पाठीला लागलेली तीच. समुद्र ओलांडून ती माझ्या मागं आली, की मी तिच्यापुढं चालत आलो, कोण जाणे.

मायाप्पाचं उरलेलं खांड येडू आता लांब बालाघाटाकडं घेऊन जातो. मायाप्पाचे पाय चालत नाहीत. तो माझ्यापाशी राहतो.

रोज सकाळी तो येऊन बसतो, नेहमी माझ्या उजव्या बाजूला, लोकरीच्या बाजूला. तिथून मी अजून देव दिसतो. मी हळूहळू उठतो आणि वळून डावी कूस त्याच्याकडं करतो. तो काठी टेकत उठतो, वळसा घालतो आणि पुन्हा उजवीकडं येऊन बसतो. मी पुन्हा वळतो. दोन म्हातारे दिवसभर एकमेकांना असे फिरवतो. बघणाऱ्यांना वाटतं, मायाप्पा देवाला प्रदक्षिणा घालतोय.

आज मी वळलो आणि तो उठला नाही.

ऊन चढलं तरी तो तसाच बसून राहिला, माझ्या उघड्या कुशीकडं बघत. मग हात पुढं केला. त्याच्या जाड बोटांना एक कुसळ सापडलं, अर्धं आत, अर्धं बाहेर. त्यानं ते ओढलं. मी थरथरलो. त्यानं कुसळ तळहातावर घेतलं आणि उन्हात धरलं. हे कुठल्या उतारावरचं, ते त्याला नक्की कळलं असेल. आपल्या हातानं जाळून तो ही कुसळी माजू देत नव्हता, तेव्हाचे दिवस त्याला आठवले असतील.

"लई दुकतंय का रं?" तो म्हणाला.

या देशात येऊन मला इतकी वर्षं झाली. माझ्याकडून कुणी लोकर मागितली, कुणी कोकरं मागितली, कुणी पाऊस आणि पोरंबाळं मागितली. दुखतंय का, हे विचारलं ते आज.

मला बोलता येत असतं तर मी एवढंच म्हणालो असतो. मायाप्पा, तू वाईट नाहीस. त्या घोड्यावरच्या साहेबानं तुझ्या माळाला पडीक म्हटलं, तेव्हा तुझा जीव जसा तुटला, तसाच माझा तुटला होता, जेव्हा तू मला मेंढा म्हणायचं सोडलंस. त्यानं माळावरची मेंढरं पाहिली नाहीत. तू लोकरीतला मेंढा पाहिला नाहीस. तुझा बिरोबा मेंढपाळांचा देव आहे ना? मग मेंढरू कशानं मरतं, ते त्याला ठाऊक असेल. त्याची भीती धरू नकोस.

पाऊस जवळ आलाय. उजवी बाजू भिजली की मी पुन्हा उठणार नाही, एवढं मला कळतं.

तो छपराकडं बघतोय. पाचटात कातरीची मूठ दिसते आहे, केरानं ठेवली होती तिथंच. ऊठ, मायाप्पा. हळूहळू ऊठ, घाई नाही. मी इथंच उजवी कूस वर करून पडतो. एखादा कट चुकला, तरी चालेल. तिचाही चुकला होता.

आणि कातरून झालं, येडू परतला, की त्याला सांग, गाडी जुंपून मंगळवेढ्याला जा.